सैल न्यूट्रल आणि ‘जळालेले’ वायरिंग

घरातले काही दिवे मंद आणि त्याच वेळी दुसरे काही दिवे डोळे दिपतील इतके प्रखर होऊ लागले, तर दोष बहुधा भिंतीतल्या तारांत नसून मीटरच्या बाजूला असतो. पुण्यात एकट्या राहणाऱ्या माझ्या आईला हे ठाऊक नव्हते, तिच्याकडे आलेल्या वायरमनला मात्र ते नक्कीच ठाऊक असावे.

आईच्या सदनिकेत थ्री फेज जोडणी आहे, म्हणजे तीन जिवंत तारा (फेज) आणि त्यांची एक सामाईक परतीची तार (न्यूट्रल). मिक्सर लावला की स्वयंपाकघरातली ट्यूब विझू विझू होई आणि दिवाणखान्यातले एलईडी दिवे भगभगीत होत. त्यातले काही गेलेही. सोसायटीचा नेहमीचा वायरमन गावी गेलेला असल्यामुळे तिने इंटरनेटवर सापडलेल्या क्रमांकावर फोन केला. आलेला गृहस्थ मीटरच्या खोलीकडे फिरकलासुद्धा नाही. त्याने हॉलमधला बोर्ड उघडला, पाठमोरा उभा राहून थोडी खुडबुड केली आणि काळ्या पडलेल्या पिवळ्या तारेचा वीतभर तुकडा आईच्या हातावर ठेवला. “काकू, अख्खं वायरिंग जळालंय. आज रात्री काही झालं तर मला बोलू नका.” तरीही ती विचारात पडलेली पाहून त्याने शयनगृहातल्या दिव्याचे बटण बंद करून दाखवले. बल्ब पूर्ण न विझता मिणमिणत राहिला. “बघा, भिंतीत करंट उतरलाय.”

हा मिणमिणता बल्ब म्हणजे या मंडळींचे हुकमी हत्यार आहे. बटणात लहानसा इंडिकेटर असेल, तर त्यातून वाहणारा अगदी अल्प प्रवाहसुद्धा एलईडीला अंधुक पेटवायला पुरतो. आत तापणारी तार असलेल्या जुन्या बल्बला तेवढ्याने काहीच होत नसे. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असले तरी असे होते आणि ते मात्र दुरुस्त करून घ्यावे, कारण अशा वेळी बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. पण या दोहोंपैकी कशासाठीही घरभर नवे वायरिंग लागत नाही.

त्याने साडेअठरा हजारांचा आकडा सांगून दहा हजार रुपये रोख आगाऊ घेतले आणि बिल ‘काम झाल्यावर’ देतो म्हणाला. काम संपल्याचे त्याने जाहीर केले, तरी दिवे पूर्वीसारखेच नाचत होते. तेव्हा “आता मेन पॅनेलच बदलावं लागेल” म्हणून आणखी नऊ हजारांची मागणी आली. आईने हे मला फोनवर सांगितल्यावर मी ओळखीतल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनला पाठवले.

त्यांनी आधी मल्टिमीटर लावला. जिथे 230 च्या आसपास व्होल्ट हवेत, तिथे स्वयंपाकघरात सुमारे 170 आणि दिवाणखान्यात 280 च्या घरात भरले. ते थेट मीटरच्या खोलीत गेले. मीटरनंतरच्या मेन स्विचमध्ये न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन तारेचे टोक काळवंडले होते. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर भार जास्त त्याचे व्होल्टेज घसरते आणि कमी भाराच्या फेजचे चढते. फ्रिज किंवा टीव्ही अशा वेळी सहज जळतो, त्यामुळे प्रथम मेन बंद करणे हाच शहाणपणा. पुरवठा बंद करून टोक छाटणे, नवा लग (तारेच्या टोकावरचा धातूचा जोड) बसवणे आणि स्क्रू आवळणे एवढेच काम होते, आणि त्याचे त्यांनी काही शे रुपये घेतले.

मग त्यांनी ‘नवे’ वायरिंग उघडले. प्रत्येक बोर्डात हातभर नवी तार जुन्या तारेला पीळ देऊन टेपने गुंडाळली होती. ती ब्लेडने खरवडल्यावर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरे ॲल्युमिनियम दिसले. चांगल्या तारेच्या वेष्टनावर छापलेला आयएस 694 हा भारतीय मानकाचा क्रमांक तिच्यावर कुठेच नव्हता. आणि घरातल्या मूळ तारा लाल-काळ्या; जळकी पिवळी तार तो खिशातूनच घेऊन आला असणार!

एकच दिवा फडफडत असेल, तर तो बल्ब दुसऱ्या होल्डरमध्ये लावून पाहावा. फडफड बल्बाबरोबर गेली तर बल्ब खराब, जागीच राहिली तर होल्डर किंवा बटण पाहायचे. अनेक खोल्यांत एकदम होत असेल, तर शेजाऱ्यांना विचारावे. त्यांच्याकडेही तसेच असल्यास महावितरणच्या 1912 या क्रमांकावर कळवावे आणि मीटरच्या सीलला कोणालाही हात लावू देऊ नये. मीटरची बाजू न तपासता कोणी घरभर वायरिंग बदलायला सांगत असेल, तर पैसे देण्याआधी दुसऱ्या माणसाकडून व्होल्टेज मोजून घ्यावे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे 1915 वर तक्रार नोंदवली आहे आणि पोलीस ठाण्यातही अर्ज दिला आहे. रोख रकमेची पावती नव्हती. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला “दहा मिळाले” हा संदेश आणि त्या तारेचे तुकडे पुरावा म्हणून जोडले आहेत. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे आणि पैसे अजून परत मिळालेले नाहीत.