‘मॅचिंग नंबर’ची कॉर्व्हेट

1967 ची कॉर्व्हेट, म्हणजे शेवरलेची जुनी स्पोर्ट्स कार, घेताना मी फसलो. कितीला, ते आधीच सांगतो. मी 1,26,000 डॉलर मोजले आणि नंतर मूल्यांकन करणाऱ्याने कागदावर लिहिलं 71,000. डेट्रॉइटच्या आसपास आपली कितीतरी माणसं गाड्यांच्या उद्योगात आहेत. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्या निघाल्या की त्यांतलं कोणीतरी दरवर्षी म्हणतंच, ‘रिटायर झालो की एक घेणार.’ मीही तेच म्हणत होतो. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

माझे बाबा कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात मशीन शॉपमध्ये होते. मीही पुण्यातून इकडे आलो तो मशिनिंगच्याच कामावर. लोखंडावर कुठलं हत्यार फिरलंय हे त्याच्या रेषांवरून ओळखणं ही माझी तीस वर्षांची भाकरी, आणि मला फसवलं ते नेमकं त्या रेषांनीच. म्हणून हे जास्त लागलंय.

गाडी निळी, उघड्या टपाची, ‘427’ची. म्हणजे 427 घन इंचांचं, जवळजवळ 7 लिटरचं इंजिन, वर तीन कार्ब्युरेटर, 435 हॉर्सपॉवर. 1967 मध्ये सेंट लुइसच्या कारखान्यातून 22,940 कॉर्व्हेट बाहेर पडल्या, त्यांत हे इंजिन होतं 3,754 गाड्यांत. बाकी बहुतेकींत 327 चं लहान इंजिन. दिसायला गाडी तीच. बॉनेट बदललं की बाहेरून फरक फारसा उरत नाही, आणि तसं बॉनेट नवं विकत मिळतं. किमतीतला फरक मात्र घराच्या डाउन पेमेंटएवढा. तोही कधी, तर मूळ इंजिन त्याच गाडीत शिल्लक असेल तर. यालाच ‘मॅचिंग नंबर’ म्हणतात.

विक्रेता दुसऱ्या राज्यातला. त्याने जाड फाइल पाठवली. बॉडी चेसिसवरून उचलून केलेल्या कामाचे फोटो, पावत्या, पेट्रोलच्या टाकीवर चिकटवतात तो कारखान्याचा कागद, वॉरंटीच्या पुस्तिकेतली धातूची पट्टी. तो कागद आणि ती पट्टी हुबेहूब नव्या करून मिळतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी एक मेकॅनिकही लावला, पण तो त्या विक्रेत्यानेच सुचवलेला. त्याने ब्रेक, गळती, कॉम्प्रेशन सगळं तपासलं आणि ‘उत्तम’ असा शेरा दिला. नंबर खरे की खोटे हे बघ, असं त्याला मी सांगितलंच नव्हतं.

आणि माझी सगळ्यात मोठी चूक आपल्याकडच्या सवयीतून झाली. भारतात आरसी बुकवर चेसिस नंबरही असतो आणि इंजिन नंबरही. त्यामुळे इथल्या सरकारी टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळला, तेव्हा माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकलं की इंजिनचंही जुळलं. इथल्या टायटलवर इंजिनचा नंबर नसतो! फक्त गाडीचा व्हिन, म्हणजे ओळख क्रमांक असतो. ती गाडी कुठल्या इंजिनानिशी जन्मली, हे ते टायटल सांगत नाही. आपल्यापैकी कोणी गाडी बघायला जाणार असेल, तर एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवून जा.

इंजिनची ओळख ब्लॉकवरच पंच केलेली असते. पॅसेंजरच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढे एक लहान सपाट पट्टी असते, तिच्यावर. तिथे ‘टी’ म्हणजे टोनावांडाचा कारखाना, मग इंजिन जोडल्याचा महिना आणि तारीख, मग ‘जेई’ म्हणजे हेच 435 चं इंजिन, आणि शेजारी व्हिनचे शेवटचे अंक. मला आलेल्या फोटोत हे सगळं जिथल्या तिथे होतं. महिना जानेवारी. शिवाय गाडीच्या ट्रिम टॅगवर, म्हणजे बॉडी कधी तयार झाली ते सांगणाऱ्या धातूच्या पट्टीवर ‘ई’ आणि ब्लॉकवर ओतीव अक्षरात तारीख, तीही ‘ई’. विक्रेता फोनवर म्हणाला, “बघा, दोन्हीकडे एकच महिना.” मला पटलं. वर, बुधवारी दुसरा गिऱ्हाईक येतोय असंही तो म्हणाला. मंगळवारी मी पैसे पाठवले.

गाडी घरी आली. बायकोला घेऊन लेक सेंट क्लेअरपर्यंत जाऊन आलो. त्या दिवसाबद्दल मला काही वाईट म्हणायचं नाही.

मग नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीच्या एका मेळाव्यात गाडी परीक्षणाला ठेवली. परीक्षक साठीच्या पुढचे, हातात टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा. “पट्टी पुसू का?” असं त्यांनी विचारलं. चिंधी थिनरमध्ये बुडवून पुसली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला वाकायला सांगितलं.

कारखान्यात ब्लॉकची वरची बाजू ब्रोच करून, म्हणजे दातेरी हत्यार सरळ रेषेत ओढून सपाट करत. त्याच्या बारीक रेषा पुढून मागे, सरळ आणि एकमेकींना समांतर जातात. माझ्या गाडीच्या पट्टीवर गोल फिरणाऱ्या कटरच्या कमानी होत्या. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जुना नंबर मिलिंगने उडवून नवा पंच केलेला होता. फोटोत तेल आणि रंगाच्या थराखाली रेषाच दिसत नव्हत्या, आणि मी स्वच्छ पट्टीचा फोटो मागितलाही नव्हता.

‘ई’चा उलगडाही त्यांनीच केला. ट्रिम टॅगवर महिने मॉडेल वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. 1967 साठी सप्टेंबर 1966 म्हणजे ‘ए’, म्हणून ‘ई’ जानेवारी. ब्लॉक ओतल्याची तारीख मात्र कॅलेंडरप्रमाणे असते, तिथे ‘ई’ म्हणजे मे. म्हणजे जानेवारीत जोडलेलं इंजिन त्यानंतरच्या मे महिन्यात ओतलेलं! मग ते गाडीच्या मागच्या बाजूला खाली शिरले. मोठ्या इंजिनाच्या गाडीला मागे अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारा दांडा, कारखान्यातूनच असायचा. माझ्या गाडीला तो नव्हता. गाडी खरी, व्हिन खरा, पण जन्म 327 चा.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. इंजिन उघडलं की कधी कधी ब्लॉकची वरची बाजू घासावी लागते आणि मूळ नंबर जाऊ शकतो. त्यात गुन्हा काही नाही, आणि बदललेलं इंजिन तसं सांगून विकणाराही प्रामाणिकच. नंबर पुन्हा पंच करून तो मूळ म्हणून विकणं, ही फसवणूक.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “मलाही असंच सांगून दिली होती.” करारात ‘जशी आहे तशी’ होतं, अस्सलपणाची हमी नाही असं होतं, आणि वाद त्याच्याच काउंटीच्या कोर्टात चालेल असंही होतं. तिन्ही कलमांखाली माझी सही. वकिलाने खर्चाचा अंदाज दिला आणि तिथेच मी थांबलो. जाहिरातीत आणि ईमेलमध्ये त्याने ‘मूळ इंजिन’ लिहिलं होतं, पण करारात तो शब्द नव्हता. तो करारात लिहून घेतला असता, तर वकील वेगळं बोलला असता.

ठाण्याला बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी गाडीचे फोटो शेजाऱ्यांना दाखवलेत.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. त्या फाइलच्या पहिल्या पानावर मी शाईने लिहून ठेवलंय : ‘ब्लॉक मूळचा नाही, नंबर नंतर पंच केलेला आहे’. खाली तारीख आणि माझी सही आहे, आणि मागे स्वच्छ पुसलेल्या पट्टीचा मोठा फोटो लावलाय.