पोर्टेबल डिस्क कशात फॉरमॅट करायची: एक्सफॅट, एनटीएफएस की ईएक्सटी४?

नवीन दोन टीबीची डिस्क आणली की फॉरमॅट करताना फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) कुठली हवी विचारतात, आणि बहुतेक जण जे आधीच सिलेक्ट असेल त्यावर ओके मारून मोकळे होतात. पण डिस्कवर कुठे काय लिहिलं जातं हे एकदा बघितलंत ना, तर निवडायला फार डोकं लागत नाही.

जुनी फॅट३२ आधी बाजूला काढू. सुरुवातीला बूट सेक्टर (डिस्कची मूळ माहिती), मग फॅट नावाचं टेबल, त्याचीच दुसरी कॉपी, आणि पुढे सगळा डेटा. डेटाची जागा क्लस्टर नावाच्या ठरावीक तुकड्यांत वाटलेली असते; फाइलचा एक क्लस्टर संपला की पुढचा कुठे ते टेबलात बघायचं, तिथून त्याच्या पुढचा, असं शेवटपर्यंत. साधा मामला, म्हणून गाडीतल्या स्टिरिओलाही कळतो. पण फाइलची साइज लिहायला ३२ बिटच आहेत, त्यामुळे ४ जीबीची फाइल बसत नाही. नौपाड्यात लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने याच्या वाटेला जाऊच नये.

त्याच्यासाठी एक्सफॅट, मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली. इथे कुठला क्लस्टर भरलाय नि कुठला रिकामा ते वेगळ्या बिटमॅपमध्ये असतं, आणि फाइल सलग पडली असेल तर साखळी बघायचीच नाही, सुरुवात कुठे आणि लांबी किती एवढ्यावर काम होतं. विंडोज, मॅक दोन्हीकडे वाचता-लिहिता येतं, लिनक्सलाही २०२० च्या ५.७ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) व्यवस्थित ड्रायव्हर आहे.

भानगडी दोन. जर्नल नाही, म्हणजे काय बदल करतोय हे आधी कुठे नोंदवलेलं नसतं, आणि टेबलची कॉपीही सहसा एकच. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन कॉपी लावलीत आणि ऐरोली आली म्हणून तशीच केबल खेचलीत, तर अर्धवट लिहिलेलं टेबल सावरायला कोणी नाही. दुसरं, ३२ जीबीच्या वरच्या डिस्कवर विंडोज डिफॉल्ट क्लस्टर १२८ केबीचा ठेवतं, मग २ केबीची फाइलसुद्धा १२८ केबी खाते. अशा एक लाख फाइली म्हणजे १२-१३ जीबी गेले, आत खरा माल २०० एमबीचा! कोड, मेलचा बॅकअप वगैरे असेल तर एक्सफॅट नकोच.

विंडोजच्या एनटीएफएसमध्ये सगळा खेळ एमएफटीचा, म्हणजे सगळ्या फाइलींच्या मुख्य यादीचा. प्रत्येक फाइलची त्यात साधारण १ केबीची नोंद, आणि फाइल अगदी चिमुकली असेल तर तिचा मजकूर त्या नोंदीतच मावतो, वेगळा क्लस्टर लागत नाही (मला हा प्रकार फार आवडतो). क्लस्टर डिफॉल्ट ४ केबी. पहिल्या काही महत्त्वाच्या नोंदींची कॉपी दुसरीकडे असते आणि जर्नल आहे, पण ते फाइल-फोल्डरांच्या नोंदींचा ढाचा सावरतं, तुमचा अर्धा कॉपी झालेला व्हिडिओ नाही. घरात फक्त विंडोज असेल तर हेच घ्या. मॅक मात्र एनटीएफएस नुसतं वाचतो, त्यावर लिहीत नाही.

लिनक्सच्या ईएक्सटी४ची आखणी सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईसारखी आहे, प्रत्येक नोडला (उपनगराला) आपलं स्टेशन आपला बाजार. डिस्कचे १२८ एमबीचे ग्रुप पाडलेले, आणि फाइलची माहिती ठेवणारे आयनोड आणि तिचा डेटा शक्यतो एकाच ग्रुपमध्ये ठेवायचा प्रयत्न, म्हणजे फिरणाऱ्या डिस्कचा हेड उगाच लांब पळत नाही. गंमत म्हणजे फाइलचं नाव आयनोडमध्ये नसतं, ते फोल्डरच्या यादीत असतं, म्हणून एकाच फाइलला दोन नावं सहज देता येतात. जर्नल आहे, परमिशन (कोणती फाइल कोण उघडू-बदलू शकतो ते) नीट टिकतात. घरच्या लिनक्स सर्व्हरला ही डिस्क कायमची लावून ठेवणार असाल तर डोळे झाकून ईएक्सटी४. पण विंडोजला लावलीत तर ते म्हणतं फॉरमॅट करू का, आणि घरातल्या कोणी येस दाबलं की बसा.

आणि हो, ईएक्सटी४ फॉरमॅट करताना ५ टक्के जागा रूटसाठी (लिनक्सच्या मुख्य अॅडमिन खात्यासाठी) राखून ठेवते, दोन टीबीवर म्हणजे १०० जीबी. नुसत्या डेटाच्या डिस्कवर त्याची गरज नाही, ट्यूनटूएफएस (tune2fs) कमांडने ती शून्यावर आणता येते.