सांधे आणि अंगठा शिकवायचाय: सापळा आणावा, बाहुली करावी की अंगठा बांधून बघावा?

ज्युनिअर केजी ते दुसरीच्या मुलांना ‘आपलं शरीर’ शिकवायची वेळ आली की ठाण्यातल्या बालवर्गांमध्ये ठरलेली चर्चा सुरू होते: वर्गासाठी काय आणायचं? कुणी सापळ्याचं मॉडेल सुचवतं, कुणी भिंतीवरचा तक्ता, कुणी पुठ्ठ्याची बाहुली. घरी मुलांना काहीतरी करून दाखवायची हौस असलेल्या आईबाबांनाही हाच प्रश्न पडतो. मी बालवर्गाला शिकवते आणि हे सगळे प्रकार वर्गात वापरते. माझं मत आधीच सांगून टाकते. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी सुरुवात त्यांच्या स्वतःच्या अंगापासून करा, मग बाहुली करा. सापळ्याची घाई नको.

सापळ्याच्या बाजूनं बोलायचं तर मुलं त्याच्याभोवती लगेच गोळा होतात. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात हे सांगताना डोळ्यांसमोर काहीतरी असतं. खांदा आणि खुबा दाखवायला तर त्याला तोड नाही. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत बसतो, म्हणून पाय पुढे, मागे, बाजूला असा सगळीकडे जातो. हे तक्त्यावर कितीही रंगवलं तरी कळत नाही, मॉडेलचा पाय हातात धरून फिरवला की कळतं.

अडतं ते अंगठ्यापाशी. माणसाएवढं मॉडेल काही हजारांत जातं आणि ते ठेवायला कोपराही लागतो, म्हणून शाळा टेबलावर मावणारं छोटं मॉडेल घेतात. त्यात हाताचा पंजा बहुधा एकसंध ओतलेला असतो. खऱ्या हातात मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत २७ हाडं असतात, आणि नेमका तोच भाग मॉडेलमध्ये ताठ. विकत घ्यायचंच असेल तर दुकानात उभं राहून आधी अंगठा हलवून बघा, मग गुडघा वाकवून बघा. गुडघा पुढच्या बाजूलाही वाकत असेल तर ते मॉडेल परत ठेवा. शिवाय चार वर्षांची काही मुलं सापळ्याला सरळ भूत म्हणतात. असं काही आपल्याही आत आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

पुठ्ठ्याची बाहुली याच्या अगदी उलट, स्वस्त आणि सगळ्यांच्या हाताला काम देणारी. जुन्या लग्नपत्रिका, वह्यांचे पुठ्ठे, पार्सलची खोकी, काहीही चालतं. तुकडे जोडायला मागून दोन पाय फाकवायची पितळी पिन लागते. ती मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते, नाहीच मिळाली तर जाड दोरा ओवून दोन्ही बाजूंनी गाठ मारा. बाजारात आयते कापलेले तुकडे असलेला संच मिळतो, तो मात्र घेऊ नका, कारण खरं शिकणं कात्री लावण्याआधी होतं. पुठ्ठ्यावर अख्खा हात काढायचा आणि विचारायचं, “हा कुठे कुठे कापायचा?” मुलं आपला हात वाकवून बघतात, कोपरावर बोट ठेवतात, मग पुठ्ठ्यावर रेघ मारतात. मनगट आठवायला वेळ लागतो. कुणीतरी टाटा करून बघतं आणि ओरडतं, “इथे पण!” आयत्या संचात हा क्षण येतच नाही.

बाहुलीत एक मोठी खोट आहे आणि ती न सुधारता वर्गात वापरू नये. पिनेभोवती तुकडा पूर्ण गोल फिरतो. बाहुलीचा कोपर उलटा वाकतो, गुडघा पुढे वाकतो, मुलं खूश होतात आणि चुकीचं शिकतात. उपाय सोपा आहे. कोपराच्या मागच्या बाजूला पुठ्ठ्याची छोटी पट्टी अशी चिकटवा, की खालचा तुकडा सरळ झाला की तिला अडेल. गुडघ्याला तशीच पट्टी पुढच्या बाजूनं. मग मुलांना विचारा, अडसर कुठे लावायचा आणि कुठे नाही? खांद्याला नाही हे ती स्वतः हात फिरवून ठरवतात. बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा ही नावं पुढच्या इयत्तांत येतीलच, फरक मात्र इथेच पक्का होतो. अंगठ्यापाशी ही बाहुलीही थकते. ती सपाट असते, आणि अंगठ्याची सगळी करामत तळहातासमोर येण्यात आहे.

म्हणून मुलांचं स्वतःचं अंग. डाव्या हाताचं बोट उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या जरा वर ठेवायला सांगा आणि उजवा अंगठा हळूहळू करंगळीच्या टोकापर्यंत न्यायला सांगा. बोटाखाली काहीतरी सरकतं. तो खोगिरी सांधा. तिथे दोन हाडांची वळणदार टोकं एकमेकांवर बसतात, त्यामुळे अंगठा पुढे-मागेही जातो, आडवाही जातो आणि चारही बोटांच्या टोकांना भेटतो. बाकीच्या बोटांची टोकं अशी समोरासमोर भेटत नाहीत. मुलांना करून बघू द्या, ती बराच वेळ त्यातच रमतात.

मग अंगठा बांधायचा. जखमेवर लावतात तो कागदी टेप घ्या, अंगठा तर्जनीलगत ठेवून सैलसर चिकटवा. रबरबँड नको, रक्त अडतं. पाचेक मिनिटं पुरतात. आता शर्टाचं बटण लावा, बाटलीचं झाकण उघडा, खडूनं नाव लिहा. खडू तर्जनी आणि मधल्या बोटात धरून लिहिता येतं, अक्षर वाकडं येतं एवढंच. अंगठ्याशिवाय जमतच नाही असं सांगू नका, काय अवघड होतं ते मुलांना शोधू द्या.

सगळ्यात जास्त शिकवते ती डब्यातली पोळी. एका हातानं घास तोडताना तर्जनी पोळी दाबून धरते, अंगठा आणि मधलं बोट चिमटीत पकडून खेचतात. अंगठा बांधला की पोळी डब्यातल्या डब्यात सरकत राहते, तुटत नाही. वरणभाताचंही तसंच: घास बोटांवर गोळा होतो, पण तोंडात ढकलायला अंगठाच लागतो. रोजच्या जेवणात हे काम कोण करतं याकडे मुलांचं कधी लक्षच गेलेलं नसतं. सांडणार हे धरूनच चाला, खाली वर्तमानपत्र पसरा.

कोपरासाठी वर्तमानपत्राची जाड गुंडाळी हाताभोवती धरून दोन रुमालांनी बांधा आणि हातात बिस्कीट द्या. ते तोंडापर्यंत पोचत नाही, आणि थोड्या वेळानं कुणीतरी शेजाऱ्याला भरवायला लागतं. गुडघे न वाकवता मांडी घालायला सांगा, पण सतरंजीवरच. जिन्याच्या आसपास हा खेळ नको. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या हाताची किंवा पायाची हालचाल वेगळी असेल, तर त्याच्या पालकांशी आधी बोला. मग विषय ‘कुणाला काय येत नाही’ असा न ठेवता ‘एकच काम किती तऱ्हांनी होतं’ असा मांडा. मला विचाराल तर तसा तो सगळ्याच मुलांसाठी मांडावा.

या पद्धतीची उणीव म्हणजे आतलं काहीच दिसत नाही. त्यावर हजारो रुपयांचा सापळा हाच उपाय नाही. ओळखीतल्या एखाद्या मोठ्या माणसाच्या हाताचा जुना एक्स-रे मागून आणा, नाव झाका आणि उजेडाच्या खिडकीला लावा. अंगठ्यात दोन हाडं, बाकी प्रत्येक बोटात तीन. मुलं लगेच आपली पेरं मोजायला लागतात. लहान मुलाचा एक्स-रे मात्र नको. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग असतो, तो एक्स-रेत दिसत नाही, फट दिसते, आणि मुलांना तिथे जास्तीचा सांधा वाटतो.

तक्ता आणि व्हिडिओ उजळणीपुरते ठीक. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र मोठ्या मुलांसाठी छान आहे, पण ठाण्याहून किंवा वाशीहून चार वर्षांच्या मुलांना तिथे नेऊन आणण्यातच दिवस जातो. त्यापेक्षा जवळची सहल फ्लेमिंगोंची. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला. ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र किंवा नेरूळची पाणथळ जागा कुठल्याही शाळेला परवडेल अशी आहे. फ्लेमिंगोचा गुडघा उलटा वाकतो असं मुलं हमखास म्हणतात. तो गुडघा नसतो, घोटा असतो. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत लपलेला असतो. गुडघा कुठल्या बाजूला वाकतो हे बाहुलीवर ठरवलेल्या मुलांनाच हा प्रश्न पडतो, म्हणून सहल बाहुलीनंतर ठेवा.

तीस मुलं आणि एकच ताई असेल तर सगळ्यांचे अंगठे एकदम बांधू नका. जोड्या लावा, एकाचा अंगठा बांधलेला, दुसरा बघणारा, मग अदलाबदल. घरी एकच मूल असेल तर बाहुलीला सुट्टीची दुपार द्या, अंगठ्याचा खेळ जेवणाच्या वेळी करा. दुसरीच्या वर्गाला मात्र सापळा उपयोगी पडतो, कारण तोवर मुलं ‘हाड हलतं कशानं?’ असं विचारायला लागतात. तेव्हा एका हातानं दुसरा हात कोपराच्या खाली धरून बोटं हलवायला सांगा: बोटं वाकवणारे मोठे स्नायू तिथे, हाताच्या पुढच्या भागात असतात आणि लांब दोऱ्यांनी बोटं ओढतात. शाळेकडे पैसे असतील तर सापळा त्या वर्षी घ्या, शक्य असेल तर पंजाची हाडं सुटी हलणारा.