दुकान हद्दीबाहेर घालवायचं, की दुकानदाराच्या वहीवर नजर ठेवायची?

गल्लीतला गोळीबार थांबवायचा तर परवानाधारक बंदूक-दुकानांचं काय करायचं? अमेरिकेत दोन वाटा वापरून झाल्या आहेत.

पहिली शिकागोची: शहरात दुकानच नको. २०१४ मध्ये संघीय न्यायालयाने ती विक्रीबंदी घटनाबाह्य ठरवली. पण बंदी असतानाही शहरात बंदुका येतच होत्या, उपनगरांतून आणि शेजारच्या इंडियानातून. गाडीत बसलं की तासाभरात काउंटर! हद्द नकाशावर असते, डिकीतल्या पिस्तुलाला ती कुठली माहीत?

दुसरी वाट: सगळ्यांना एकाच मापाने न मोजता ठरावीक दुकानं पकडायची. बंदूक-दुकानांवर देखरेख करणाऱ्या संघीय यंत्रणेच्या (एटीएफ) २०००च्या अहवालात, गुन्ह्यांच्या तपासात मूळ दुकानापर्यंत माग लागलेल्या बंदुकांपैकी ५७ टक्के जेमतेम १.२ टक्के दुकानदारांपर्यंत पोचत होत्या. (खप मोठा असेल तर आकडाही फुगतो, म्हणून यादीत नाव आलं की दुकानदार चोर, असं नाही.)

खरा खेळ काउंटरवर. ज्याला स्वतःला बंदूक घेता येत नाही असा पोरगा बोटाने पिस्तूल दाखवतो, फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा संघीय अर्ज) मात्र सोबतची मैत्रीण भरते. ‘खरी खरेदीदार तुम्हीच का?’ या प्रश्नापुढे ती ‘हो’ लिहिते. तिच्या नावावर गुन्हा नाही, पाटी कोरी, त्यामुळे पार्श्वभूमी तपासणीतही काही अडकत नाही. हे फक्त समोर उभ्या विक्रेत्यालाच दिसतं.

म्हणून माझा कौल दुसऱ्या वाटेला. अडचण एवढीच, की १९८६च्या कायद्यानुसार दुकानाची नेहमीची तपासणी बारा महिन्यांत एकदाच करता येते.