सूप: कुकरचं, कढईतलं की पाकिटातलं?

संध्याकाळी साडेसातला घरात शिरावं, पोटात कावळे ओरडत असावेत आणि पोळी-भाजीला अजून तासभर असावा, अशा वेळी सूप आठवतं. ते करायच्या तीन तऱ्हा. मी तिन्ही करते, पण सारख्याच मायेने नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त होतं ते कुकरचं. दोन टोमॅटो, एक गाजर, वीतभर दुधी, अर्धा कांदा, लसणीच्या दोन पाकळ्या आणि दोन चमचे मूगडाळ. बारीक चिरत बसायचं नाही, मोठाले तुकडे पुरतात. तीन कप पाणी, तीन शिट्ट्या. खरी करामत मूगडाळीची. दाटपणा तीच देते, कॉर्नफ्लोअर लागतच नाही. दुधीचा मात्र चिरताना एक कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खा फेका. कडू दुधीने विषबाधा होते, आणि तो कडूपणा शिजवून जात नाही.

'तीन शिट्ट्यांत सूप' म्हणणारे वाफ जिरायची दहा मिनिटं हिशोबात धरत नाहीत. वर निवायला वेळ. एकदा घाईत कढत कढतच मिक्सरला लावलं, तर वाफेने झाकण उडालं आणि ओट्यामागच्या टाइल्सवर केशरी रांगोळी. तेव्हापासून कुकरमधलं सगळं चाळणीवर ओतते, भाज्या पसरून कोमट होऊ देते, तेवढ्याच फिरवते आणि पाणी मागून मिसळून एक उकळी काढते. वरून मीठ, मिरपूड, जमलं तर लोण्याचा गोळा. गाळायचं का? टोमॅटोची सालं दाताखाली नको असतील तर गाळा, पण चोथ्याबरोबर तंतूही जातात. मी पाहुणे असले तरच गाळते. सगळं मिळून पस्तीसेक मिनिटं जातात खरी, पण हात अडकतात दहाच मिनिटं. उरलेल्या वेळात कणीक मळून होते.

कढईतल्या सुपाचा सगळा वेळ खाते विळी. कोबी, गाजर, फरसबी मटारच्या दाण्याएवढी चिरायची. चमचाभर तेलात आलं-लसूण, मोठ्या आचेवर भाज्या दोन मिनिटं परतायच्या, मग चार कप पाणी आणि सहा-सात मिनिटं उकळी. दीड चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यातच कालवा, गरम पाण्यात गुठळ्या होतात. घातल्यावर दोन मिनिटं खळखळू द्या, नाहीतर पिठूळ चव राहते. मीठ-मिरपूड घाला. लिंबू गॅस बंद केल्यावर. भाज्या आधीच चिरलेल्या असतील तर पंधरा मिनिटांत वाटी हातात येते, आणि मिक्सरचं भांडं घासावं लागत नाही, ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट. पण हे सूप तेव्हाच प्यावं. दुसऱ्या दिवशी भाज्या लिबलिबीत होतात आणि दाटपणा मोडून पाणी सुटतं. कुकरचं मात्र फ्रिजमधून काढून उकळलं तरी तितकंच छान लागतं.

राहता राहिलं पाकीट. पूड पाण्यात कालवायची, ढवळत उकळायची, दहा मिनिटांच्या आत काम तमाम. पाकीट उलटं करून घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे भाज्यांचा नंबर कुठे लागलाय ते लगेच कळतं. मीठही बरंच असतं, घरात रक्तदाबाची गोळी घेणारं कुणी असेल तर तो आकडा आधी बघा. होस्टेलवर किंवा प्रवासात ठीक. घरी दोन टोमॅटो आणि एक गाजर असताना मला तरी त्याची गरज वाटत नाही.

कवळी बसवलेले आजोबा किंवा आजारातून उठलेलं माणूस असेल तर कुकर, दुसरा विचारच नको. चावायला काहीतरी हवं असणाऱ्यांनी कढई घ्यावी. आमच्याकडे फरसबीचा एकेक तुकडा वेचून ताटाच्या कडेला ओळीत लावणारे आठ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. त्यामुळे शाळेच्या दिवसांत कुकर, आणि रविवारी, चिरायला नवरा घरी असतो तेव्हा, कढई.