आयआरआय ऑनलाइन: आयनोस्फिअरचं अकरा वर्षांचं चक्र स्वतः बघायचंय? मग हे वापरा

हॅमवाल्यांमधे, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांमधे, नवीन आलेला प्रत्येकजण विचारतोच, की दहा मीटर बँड (साधारण दहा मीटर लांबीच्या रेडिओ लहरींचा पट्टा) काही वर्षं नुसता थंड पडून असतो आणि मग एकदम युरोप, जपान धडाधड कसे ऐकू यायला लागतात. याचं उत्तर आयनोस्फिअरमधे आहे, म्हणजे वरच्या हवेतल्या सुट्या इलेक्ट्रॉनच्या थरात, जो रेडिओ लहरी जमिनीकडे परत वळवतो. ते आकड्यांत बघायचं असेल तर इंटरनॅशनल रेफरन्स आयनोस्फिअर, म्हणजे आयआरआय, याच्यासारखं दुसरं काही नाही. कॉस्पार (अवकाश संशोधन) आणि उर्सी (रेडिओ विज्ञान) या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेलं मॉडेल आहे, ब्राउझरमधे चालतं आणि एक पैसा लागत नाही.

दिसायला एकदम साधं, एक फॉर्म आणि खाली आकड्यांचे कॉलम. मी कोल्हापूर टाकतो, १६.७ उत्तर, ७४.२ पूर्व, लोकल वेळ दुपारी बारा. आता महत्त्वाचं ऐका, बदलणारी गोष्ट म्हणून उंचीऐवजी वर्ष निवडायचं आणि एफ२ थराची, म्हणजे आयनोस्फिअरच्या सगळ्यात दाट थराची, क्रिटिकल फ्रिक्वेन्सी मागायची (सरळ वर सोडलेली लहर ज्या फ्रिक्वेन्सीपर्यंत परत येते ती, त्याच्या वरची सगळी अवकाशात निघून जाते). मग बघा, २०१४ च्या आसपास आकडा वर, २०१९ ला तळाला, आणि तिथून परत चढण. सूर्यडागांशी ताडून बघितलं की अगदी बरोबर बसतं, डागांचा सरासरी आकडा डिसेंबर २०१९ मधे २ च्याही खाली होता आणि ऑक्टोबर २०२४ मधे १६१ च्या जवळ गेला. डाग स्वतः काही करत नाहीत हं, डाग वाढतात तेव्हा सूर्याकडून येणारे अतिनील आणि क्ष-किरण वाढतात आणि तेच वरच्या हवेतल्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन सुटे करतात.

पण मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे वर्षाऐवजी महिना निवडून बघणं. मार्च-एप्रिलला एक उंचवटा, ऑक्टोबरला दुसरा, आणि जून-जुलैत आकडा खाली, म्हणजे सूर्य जवळपास डोक्यावर असताना कमी! पहिल्यांदा बघणाऱ्याला हे पटतच नाही. कारण असं की उन्हाळी गोलार्धातून हिवाळी गोलार्धाकडे वरच्या वर वारे वाहतात आणि ऑक्सिजन अणू व नायट्रोजन यांचं प्रमाण बदलतं, नायट्रोजन वाढला की सुटे इलेक्ट्रॉन लवकर संपतात. शिवाय आपल्याकडे चुंबकीय विषुववृत्त (जिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असतं ती रेषा) तिरुनेलवेलीजवळून जातं, तिथून प्लाझ्मा, म्हणजे हे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन, कारंज्यासारखा वर उचलला जातो आणि उत्तरेला अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात उतरतो, कोल्हापूर या दोन्हींच्या मधे, त्यामुळे इथले आकडे दिल्लीवाल्याला लावून चालत नाही, प्रत्येकाने आपलं गाव टाकूनच बघावं.

आता मर्यादा. हे महिन्याच्या सरासरीचं मॉडेल आहे, आज संध्याकाळी बँड उघडेल का हे यावर ठरवू नका. २०२४ च्या मे मधल्या, सूर्यामुळे आलेल्या चुंबकीय वादळासारखा दिवस सरासरीत मावत नाही, वादळाचा ऑप्शन आहे तरीसुद्धा. आणि २००८-०९ ला सूर्य इतका शांत झाला होता की मॉडेलने इलेक्ट्रॉन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवले, हे बऱ्याच संशोधकांनी मोजून दाखवलंय. मागच्या चक्रांचा डेटा आत भरलेला आहे, त्यामुळे त्या चक्रांपेक्षा वेगळं काही घडलं की गाडी चुकते, साहजिक आहे. कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे वरचं वातावरण थंड होऊन आकसतंय आणि एफ२ थर हळूहळू खाली येतोय असा जो अभ्यास चालू आहे, तो इथे शोधू नका, त्याला इंग्लंडमधल्या स्लाउसारख्या, १९३० च्या दशकात सुरू झालेल्या केंद्रांच्या नोंदीच लागतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्यांनी तर प्रॅक्टिकलला लावावंच असं आहे. वापरताना एक करा, फॉर्ममधे एफ२ साठी उर्सी आणि सीसीआयआर अशा नावांचे दोन नकाशासंच पर्याय म्हणून असतात, आधीपासून उर्सी निवडलेलं असतं, जमिनीवरच्या ठिकाणासाठी ते बदलून सीसीआयआर करून घ्या.