कॉलेज की कॅम्पस: नागपुरात प्राध्यापक होऊ पाहणाऱ्यांसाठी

नेट-सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालेली असते, पीएच.डी. संपत आलेली असते आणि जाहिराती निघाल्या की प्रश्न येतो: जीव ओतून तयारी कुठली करायची? विद्यापीठाशी संलग्न सिनियर (पदवीच्या) कॉलेजची, की अमरावती रोडच्या कॅम्पसवरच्या, नागपूर विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाची?

पगार पाहून हे ठरत नाही. अनुदानित कॉलेज असो वा विभाग, सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासूनच सुरू होतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत आठवड्याला १६ तास अध्यापन, तेही दोघांना सारखंच. फरक दिसतो तो पंधरा वर्षांनी, तुम्ही स्वतःची ओळख कशी करून देता त्यात. एक जण सांगतो, "मी अमुक कॉलेजात शिकवतो." दुसरा सांगतो, "माझं काम अमुक विषयावर आहे." अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अल्विन गूल्डनर यांनी १९५७ मध्ये एका कॉलेजातल्या प्राध्यापकांकडे पाहून हीच विभागणी मांडली होती: काहींची निष्ठा संस्थेशी, काहींची विषयाशी, आणि त्या विषयातली माणसं बहुधा संस्थेबाहेरची. माणूस एकाच बाजूचा असतो असं नाही. पण नोकरीची जागा त्याला एका बाजूला ओढत राहते, हे मी जवळून पाहिलं आहे.

कॉलेजात तुम्हाला घडवतात ते विद्यार्थी. काटोल, उमरेड, सावनेरच्या कॉलेजात बी.ए.च्या वर्गात बसलेली कितीतरी मुलं घरातली पहिली पदवीधर होणार असतात. त्यांना शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणं, इंग्रजी संदर्भ मराठीत उलगडून सांगणं, परीक्षेला का बसली नाही म्हणून घरी फोन करणं, हे सगळं 'सर' किंवा 'मॅडम' म्हणून तुमच्याकडेच येतं. त्यातून येणारा अधिकार खरा असतो. त्या गावात तुमचा शब्द चालतो.

त्याच्यासोबत येतात एनएसएस, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली, प्रवेशाची कामं, उन्हाळी आणि हिवाळी परीक्षांची व्हॅल्युएशन. विषय वाचायला उरते ती संध्याकाळ. आणि नागपूरहून अप-डाऊन करत असाल तर तीही बसमध्ये जाते. अप-डाऊनबद्दल स्पष्टच सांगतो. तीनची गाडी पकडायची म्हणून घड्याळाकडे बघत घेतलेला तास मुलांना कळतो. असा प्राध्यापक ना त्या गावाचा होतो, ना शहरातल्या अभ्यासकांच्या वर्तुळाचा. कॉलेज निवडायचं असेल तर सुरुवातीची काही वर्षं तरी तिथेच राहा.

कॉलेजात राहून संशोधन होत नाही, हा समज मात्र सोडून द्यावा. प्राचीन लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात (आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था) संस्कृत शिकवत होते. पदवीच्या मुलांना शिकवता शिकवताच ते ताम्रपट आणि शिलालेख वाचत गेले. विदर्भातल्या वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन रामटेकजवळच, म्हणजे अभ्यासाचा विषय हाताच्या अंतरावर. वाकाटक लेखांचा त्यांनी संपादित केलेला खंड १९६३ साली आला आणि आजही त्याला वगळून त्या काळावर लिहिता येत नाही. त्यांना ओळख पदाने नाही, एका प्रश्नाला चिकटून राहिल्याने मिळाली.

कॅम्पसवर घडवणारे दोघे: विषय आणि संशोधक विद्यार्थी. वर्ग लहान असतो. गोंदिया, भंडारा, वर्ध्याहून आलेली एम.ए., एम.एस्सी.ची मुलं तुम्हाला नवं वाचायला भाग पाडतात. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार सहायक प्राध्यापक चार, सहयोगी सहा आणि प्राध्यापक आठ पीएच.डी. विद्यार्थी घेऊ शकतो. सहायक प्राध्यापकाला गाईड होण्यासाठी स्वतःची पीएच.डी. आणि तीन शोधनिबंध लागतात. दुसऱ्याचा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) दुरुस्त करताना आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे, ते स्वतःलाच कळू लागतं. कॉलेजात पदव्युत्तर वर्ग किंवा संशोधन केंद्र नसेल तर ही वाट लांबते.

पण रिकाम्या जागांमुळे विभागातही मोजक्या कायम शिक्षकांवर परीक्षा, प्रवेश आणि समित्यांचा भार येतो. शिवाय पेपरांची संख्या मोजण्याची सवय तिथे लवकर लागते. पदोन्नतीसाठी गुण हवेत म्हणून एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारणारा माणूस विभागात राहूनही विषयाचा होत नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर मात्र कॉलेजचे शिक्षकही असतात. अभ्यासक्रमात आपलं म्हणणं मांडायला कॅम्पसवरच असावं लागतं असं नाही.

विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांसाठी नागपुरातच व्हीएनआयटी (अभियांत्रिकी संस्था) आणि नीरी (पर्यावरण संशोधन संस्था) आहेत. नीरीत तुम्ही आधी वैज्ञानिक, शिक्षक नंतर. वर्गात उभं राहायची ओढ असेल तर तिकडे जाऊ नका.

माझं मत सांगतो. पीएच.डी. संपल्यावरही ज्याचा प्रश्न डोक्यातून जात नाही, त्याने कॅम्पससाठी थांबावं. ज्याला शिकवण्यातच आनंद मिळतो, त्याने कॉलेज घ्यावं आणि ते कमीपणाचं मानू नये.

थांबण्याचा अर्थ बहुतेकांसाठी सीएचबी, म्हणजे तासांप्रमाणे मानधनावरची तात्पुरती नेमणूक, असा होतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजांत धावणाऱ्याला स्टाफरूममध्ये स्वतःची खुर्ची नसते, विद्यार्थ्यांना त्याचं नाव माहीत नसतं, मानधन महिनोन्महिने अडकतं. अशा वर्षांत आपण प्राध्यापक आहोत ही जाणीवच झिजते. म्हणून सीएचबी घ्यायचीच असेल तर एकाच ठिकाणी घ्या, त्याच काळात प्रबंध सादर करा, आणि वर्षाला एकच पण आपल्याच विषयावरचा निबंध लिहा. मुलाखतीत समिती विचारते तुमचं काम कशावर आहे. त्या वेळी एका वाक्यात उत्तर देता आलं पाहिजे.